एअरब्रशचा छोटा कंप्रेसर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि मॉइश्चर ट्रॅप

दमट हवेच्या गावात १:२४ मापाच्या मॉडेल गाड्या एअरब्रशने (हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या पेनाने) रंगवणाऱ्यांना त्याला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरबद्दल जे आधी सांगायला हवं, ते मला एकाही विक्रेत्याने सांगितलं नाही. म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय. यंत्र तुमच्या ओळखीचंच आहे: एक पिस्टन, तेल लागत नाही, खाली ३ लिटरची टाकी, टाकीतला दाब ३ बारला आला की सुरू, ४ बारला बंद, पुढे दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि त्यालाच लटकलेली पाणी अडवणारी पारदर्शक वाटी, म्हणजेच मॉइश्चर ट्रॅप. हाच साचा वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो, त्यामुळे नावात काही नाही. मी मार्चमध्ये सात हजारांच्या आत घेतला, सोबत ०.३ मिमी नोझलचा ग्रॅव्हिटी फीड (वरच्या कपातून रंग आपोआप खाली उतरणारा) एअरब्रश.

पैसे घालायचं कारण साधं होतं. टामिया या जपानी मॉडेल कंपनीचे टीएस स्प्रेचे डबे उत्तम, पण डब्यात ज्वलनशील वायू असल्याने विमानाने येत नाहीत. हवी ती शेड इथे मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाली तर भाव ऐकून हात आखडतो. एअरब्रशमधून फवारला तर टामियाच्याच एलपी मालिकेच्या लॅकर रंगाच्या १० मिलीच्या बाटलीत एक बॉडी होऊन थोडा रंग उरतो. दुसरं कारण थराची जाडी. १:२४ वर रंगाचा थर ०.१ मिमी झाला, तर खऱ्या गाडीच्या मापात तो २.४ मिमी होतो. दाराच्या फटी बुजतात, अक्षरं मऊ पडतात, आणि मग कितीही पॉलिश करा, गाडी खेळण्यासारखीच दिसते. डब्याच्या फवाऱ्याला लगाम नसतो. एअरब्रशला असतो.

मार्च ते मे कंप्रेसरने मला खूश केलं. दाब १.२ ते १.५ बारच्या दरम्यान ठेवला की दाबमापकाचा काटा हलत नाही. टाकी असल्यामुळे पिस्टनचे धक्के नळीत येत नाहीत, त्यामुळे प्रायमर आणि बेस कोट एकसारखा बसतो. आवाज शिलाई मशीनपेक्षा कमी. रात्री दहानंतर गॅलरीत लावला तरी शेजारून तक्रार आली नाही. या काळात मी सगळ्यांना डोळे मिटून घ्यायला सांगत होते.

मग टामियाची फेअरलेडी २४०झेडजी टेबलावर आली. १९७१ ची ही गाडी निसानने रेसिंगच्या नियमात बसवण्यासाठी लांब नाक लावून काढली आणि फक्त जपानमध्ये विकली. मॉडेल जेमतेम १८ सेंटिमीटरचं, पण त्यातलं निम्मं बॉनेटच वाटावं असा आकार. सपाट, लांब, मधोमध उंचवटा. असल्या बॉनेटवर क्लिअर कोटमधला (रंगावरच्या पारदर्शक, चकचकीत थरातला) टाचणीएवढा दोषही लपत नाही. मी टीएस-११ मरून डब्यातून बाटलीत काढून घेतला, बाटली उघडी ठेवून त्यातला वायू पूर्ण जाऊ दिला, गुलाबी प्रायमरवर चढवला. रंग सुरेख बसला. तोवर जूनचा दुसरा आठवडा उजाडला, पाऊस लागला, आणि क्लिअरच्या तिसऱ्या थराला बॉनेटवर गोल खड्डे उमटले. फवारा मधूनच थुंकल्यासारखा करायचा, की लगेच दोन-चार खड्डे.

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण आपल्याकडे दोन वेगळे दोष एकाच नावाने ओळखले जातात. पावसाळ्यात लॅकर पांढुरकं पडतं, सगळीकडे सारखी दुधाळ साय आल्यासारखं दिसतं, त्याला ब्लशिंग म्हणतात. त्याचा कंप्रेसरशी संबंध नाही. थिनर झपाट्याने उडताना रंगाचा पृष्ठभाग थंड होतो आणि खोलीतल्या हवेतली वाफ त्यावर जमते. डब्याच्या स्प्रेनेही हे होतं. उपाय रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारं द्रव्य) घालणं किंवा रिटार्डर असलेला थिनर वापरणं. मिस्टर कलर या रंगांच्या ब्रँडचा लेव्हलिंग थिनर याच जातीचा, म्हणून पावसाळ्यात तो हाताशी हवाच. साय आली असेल तर वरून नुसता रिटार्डरवाला थिनर हलक्या हाताने फवारला तरी बहुतेक वेळा ती जाते. गोल खड्डे ही वेगळी जात. ते नळीतून आलेल्या पाण्याच्या थेंबांचे. त्यांच्यावर थिनर फवारून काहीच होत नाही. वाळू द्यायचं, २००० ग्रिटच्या, पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरने सपाट करायचं, पुन्हा क्लिअर. कडांवर पेपर जरा जास्त फिरला की मरून जाऊन खालचा गुलाबी दिसतो, आणि मग तो सगळा भाग पहिल्यापासून.

त्याच आठवड्यात मोटर ४ बारला थांबेनाशी झाली. काटा पुढे सरकत राहायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्स करून उघडायचा. प्रेशर स्विच गेला होता, एवढंच. वॉरंटी वर्षाची, म्हणून सर्व्हिसला पाठवला. तीन आठवड्यांनी फोन आला: "मॅडम, टाकीत पाणी सापडलंय. पाणी गेलेलं वॉरंटीत बसत नाही."

या वाक्याचा मला अजूनही राग आहे. टाकीच्या तळाला ड्रेन व्हॉल्व्ह त्यांनीच बसवलाय. माहितीपत्रकात त्यांनीच छापलंय की प्रत्येक वापरानंतर टाकीतलं पाणी काढून टाका. म्हणजे पाणी साचणं हे यंत्राचं रोजचं काम आहे, गैरवापर नाही. मी त्या पानाचा फोटो पाठवला. मग सूर बदलला: स्विच देतो, पण जाण्यायेण्याचं कुरिअर तुमचं. ते साडेसहाशे रुपये मी भरले, कारण अर्धवट गाडी टेबलावर पडून होती. पण हे पैसे माझे नव्हते, हे मी लेखी कळवलं. उत्तर नाही.

पाणी येतं कुठून, याचा हिशेब मी त्या तीन आठवड्यांत बसून केला, आणि तो प्रत्येकाने करावा असा आहे. ३० अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. ठाण्याच्या पावसाळी संध्याकाळी आर्द्रता ८५ टक्के धरली, तर २५ ग्रॅमच्या वर वाफ हवेत असतेच. कंप्रेसर ती हवा ३ बारपर्यंत दाबतो, म्हणजे वातावरणाचा दाब धरून चौपट. आकारमान चौथाई झालं की वाफेला जागाही चौथाईच उरते, साडेसात ग्रॅम. उरलेल्या १८ ग्रॅमचं पाणी होणार. हा पिस्टन मिनिटाला वीस-बावीस लिटर हवा ओढतो, तेव्हा पाऊण तासाच्या चालण्यात चहाचे साडेतीन चमचे पाणी. मे महिन्यात गॅलरीत उकाडा तेवढाच होता, पण आर्द्रता इतकी नव्हती.

आता खरी मेख. हे पाणी टाकीत पडलं तर काहीच बिघडत नाही, ड्रेनने काढून टाकता येतं. पण बॉडीवर क्लिअर चढवताना मोटर फार वेळ थांबत नाही. सिलिंडर तापतो, टाकीही कोमट होते, आणि गरम हवा जास्त वाफ धरून ठेवते. ही वाफ रेग्युलेटरखालच्या वाटीतून वाफ म्हणूनच निघून जाते. वाटी थेंब अडवते, वाफ नाही. पुढे दीड-पावणेदोन मीटरच्या नळीत हवा खोलीच्या तापमानाला येते आणि तिथे पाणी होतं, वाटीच्या पलीकडे, जिथे अडवायला कोणीच नाही. तिथून सरळ बॉनेटवर. वाटी कोरडी दिसतेय म्हणून आपण निर्धास्त, आणि तेवढ्यात एअरब्रश थुंकतो.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: पाणी अडवणारी वाटी रेग्युलेटरला लावून हे यंत्र अर्धवट विकलं जातं. जिथे हवा थंड झालेली असते तिथे, म्हणजे नळीच्या एअरब्रशकडच्या टोकाला, दुसरा ट्रॅप हवा. पिस्तुलाच्या मुठीसारखा हातात मावणारा, खाली दाबून पाणी सोडायचं छोटं बटण असलेला. साडेतीनशे रुपयांना मिळाला. सात हजारांच्या खोक्यात तो घालायला कंपनीला काय झालं होतं? खोक्यात त्यांनी दिलंय काय, तर प्लॅस्टिकचा एअरब्रश स्टँड, जो टेबलाच्या कडेला धड बसतही नाही.

कंप्रेसर परत आल्यावर दुसरा ट्रॅप लावला, नळी तीन मीटरची घेतली आणि तिचं वेटोळं फरशीवर टाकलं, म्हणजे हवेला थंड व्हायला वाव मिळतो. अख्ख्या जुलै-ऑगस्टमध्ये एकही खड्डा नाही. छोट्या ट्रॅपमध्ये पाणी डोळ्यांना दिसतं, दोन थरांच्या मध्ये बटण दाबून सोडते. जूनमध्ये या कंप्रेसरबद्दल माझं मत पार वाईट झालं होतं. ते आता बदललंय. यंत्र चांगलं आहे. दाब स्थिर देतं, मोटर दणकट आहे, नवा स्विच बिनतक्रार चालतोय. गुण कापायचे ते खोक्यात ट्रॅप न देण्याबद्दल आणि सर्व्हिसच्या वागण्याबद्दल.

झेडजी शेवटी झाली. क्लिअर पूर्ण वाळू दिला, मग टामियाचं कोर्स, फाइन, फिनिश कंपाउंड याच क्रमाने. बॉनेटमध्ये ट्यूबलाइटची कड सरळ दिसते, वाकडी नाही. खिडक्यांच्या क्रोमला फॉइल, फटींना पॅनेल लाइन अॅक्सेंट (फटीत ओघळून बसणारा पातळ रंग). नेहमीचंच, त्यावर वेगळं लिहीत नाही.

बाकी किरकोळ. टाकी आतून साध्या पोलादाची आहे. रोज ड्रेन केली नाही तर आधी तांबूस पाणी येईल आणि पुढे गंजाचे कण. यंत्र थोडं तिरकं करून ड्रेन उघडा, कारण व्हॉल्व्ह टाकीच्या अगदी सखल जागी नाही. रबरी पाय पहिल्या दोन महिन्यांतच चपटे झाले, खाली योगा मॅटचा तुकडा ठेवलाय. एअरब्रश धुवायला हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर पुरतो आणि स्वस्त पडतो, पण तो रंगात घालू नका, आणि नोझलच्या रबरी सीलला फार वेळ लागू देऊ नका. लॅकर फवारताना कार्बन फिल्टरचा मास्क हवाच, कापडी मास्कने वास सुद्धा अडत नाही.

टाकी नसलेला, तीन हजारांतला घेतला तर चालेल का, असं दोघांनी विचारलंय. टाकी नसेल तर हवेला थंड व्हायला पहिली जागाच उरत नाही, सगळं पाणी नळीतच होणार. कोरड्या गावात, फक्त इंटिरिअर आणि चाकं रंगवायला चालेल. ठाणे, मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जून ते सप्टेंबर ग्लॉस क्लिअर मारायचा असेल तर नका घेऊ. टाकीवाला घ्या आणि त्याच दिवशी दुसरा ट्रॅप मागवा. मागवताना आटा विचारून घ्या: हल्लीच्या बहुतेक एअरब्रशना १/८ बीएसपी (आट्याचं एक प्रमाण माप) लागतो, पण काही जुन्या अमेरिकन ब्रशचे आटे वेगळे असतात आणि त्यांना अॅडॉप्टर घ्यावा लागतो. तो शंभर-दीडशेला मिळतो.