मांस नाहीये, फक्त चवीपुरतं

इथे मॅकरोनी अँड चीज ही भाजी आहे. विनोद करत नाहीये. 'आजच्या भाज्या' म्हणून फळ्यावर खडूने जी यादी लिहिलेली असते, तिच्यात ती भेंडी आणि फरसबीच्या मधे निवांत बसलेली असते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात अशा खानावळीतल्या जेवणाला मीट अँड थ्री म्हणतात: एक मांसाचा पदार्थ, तीन भाज्या, सोबत कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा पाव) नाहीतर साधा पाव. ट्रे सरकवत पुढे जायचं, काचेमागे वाफाळणारी स्टीलची भांडी असतात, बोट दाखवायचं. कॉलेजातल्या मेसमध्ये ताट धरून उभं राहिलेल्या कुणालाही शिकवावं लागणार नाही. मांस नको असेल तर 'व्हेजिटेबल प्लेट' मागायची, म्हणजे चार भाज्या. मी दोन वर्षं तीच मागतेय.

ठिकाणाचं नाव देत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि मला तिथे पुन्हा जेवायला जायचंय.

गाव मर्फ्रीझबरो. नॅशव्हिलपासून पस्तीसेक मैल आग्नेयेला. नवरा शेजारच्या स्मर्नातल्या मोटार कारखान्यात आहे, मी एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर, म्हणजे त्याच्या ग्रीन कार्डाचा कागद एका टप्प्याला पोचेपर्यंत मला नोकरी करता येत नाही. लेक तीन वर्षांची होत आलीय. घराबाहेर फुटपाथ आहे, पण तो आमची वसाहत संपते तिथे संपतो. पुढे गवत, मग पाच पदरी रस्ता. बाबागाडी घेऊन पायी कुठे जायचं म्हटलं तर जागाच नाही. म्हणून गाडी शिकल्यावर पहिल्यांदा एकटीने कुठे गेले असेन तर कोर्टाच्या चौकात, आणि तिथून या खानावळीत.

पहिल्या दिवशी मी नीट विचारलं होतं. फरसबीकडे बोट दाखवून म्हटलं, यात मांस आहे का? वाढणारी बाई म्हणाली, "नाही गं हनी, मांस कुठलं." मी घेतली, लेकीलाही भरवली. तेव्हा ती जेमतेम अकरा महिन्यांची होती. फरसबी इतकी मऊ शिजलेली की दात नसले तरी चालेल, आणि चव अशी की पोर दर घासाला तोंड उघडून तयार. अर्धी वाटी संपल्यावर तळाशी एक गुलाबी तुकडा निघाला. मी उठून दाखवला. बाई मनापासून गोंधळली. "ते मांस नव्हे हनी. ते फक्त चवीपुरतं."

तिच्या दृष्टीने ती खोटं बोलली नव्हती. इथे मांस म्हणजे ताटात वेगळं दिसतं ते. डुकराच्या नळीचं हाड, बेकनचा तुकडा, हे आपल्या हिंगासारखं. हिंग घातलाय का म्हणून वरणाला कुणी विचारतं का? मी त्या दिवशी गाडीत बसून रडले, आणि खरं सांगायचं तर डुकरासाठी नाही रडले. आईला फोनवर काय सांगायचं हे ठरेना म्हणून रडले. शेवटी काहीच सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

तर शाकाहारी मंडळींसाठी, माझ्या खर्चाने झालेलं शिक्षण: फरसबी, टर्निप ग्रीन्स आणि कोलार्ड (दोन्ही पालेभाज्या), पिंटो बीन्स (राजम्यासारखे), चवळी यांच्यात ते असणारच, न विचारता सोडून द्या. भेंडी मक्याच्या पिठात घोळवून तळतात, फार सुरेख कुरकुरीत, पण कढई चिकनचीच. कॉर्नब्रेडच्या तव्याला काय चोळलंय ते विचारा. त्यातल्या त्यात निर्धास्त असं टोमॅटोच्या फोडी, कोबीची कोशिंबीर, रताळं, लोण्यात परतलेली सफरचंदं आणि वर सांगितलेली ती मॅकरोनीची भाजी. उन्हाळ्यातले टोमॅटो मात्र खरंच खा. जुलैत आसपासच्या शेतांतून येतात, वर मीठ-मिरपूड, बास. भारत सोडल्यापासून टोमॅटोला टोमॅटोचा वास पहिल्यांदा इथे आला.

मी एकदा धीर करून विचारलंही, की चवळीचं एक लहान भांडं बिनमांसाचं ठेवाल का? मालकाने खूप वेळ विचार केला. मग दयेने म्हणाला, "त्याला चवच लागणार नाही, मॅम."

आता चांगलं सांगते, कारण ते पुष्कळ आहे.

माझं माहेर बार्शीकडचं. तिकडे ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खातात. उन्हाळ्यात दुपारी दुसरं काही जातच नाही. इथे सकाळच्या न्याहारीला ग्रिट्स मिळतात, आणि ग्रिट्स म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, मक्याच्या कण्या. पांढऱ्या, सैलसर, वर लोण्याचा गोळा. लोक त्यात चीज नाहीतर साखर घालतात आणि कुठलं बरोबर यावर भांडतात. मी बटरमिल्क मागवलं आणि ओतलं. शेजारच्या टेबलावरचे आजोबा बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता काहीतरी म्हणणार. ते उठले, आपला उंच ग्लास घेऊन आले आणि दाखवला: ग्लासात कॉर्नब्रेड कुस्करून त्यावर बटरमिल्क ओतलेलं, लांब दांड्याच्या चमच्याने खात होते. म्हणाले, माझी आई असंच खायची, आता माझी नातवंडं याला नाकं मुरडतात.

ताक-भाकरी! मला इंग्रजीत काय बोलावं सुचेना. मी मराठीतच म्हटलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

(बटरमिल्क आपल्या ताकाहून दाट आणि आंबट असतं. पाणी आणि मीठ घालून घ्या. आणि 'बिस्किट' मागवाल तर चहात बुडवायचं काही येणार नाही, खारीच्या खानदानातला एक गुबगुबीत पाव येईल. चहा म्हणाल तर थंडगार, बिनदुधाचा, पाकासारखा गोड. ग्लास रिकामा होऊच देत नाहीत.)

पण मी तिथे परत परत जाते ते ताकासाठीही नाही. लेक पाचेक महिन्यांची झाल्यापासून मी एका हाताने जेवत होते. घरी कुणी नाही, सासूबाईंचा व्हिसा अडकलेला, नवरा शिफ्टला. कुठल्याशा मंगळवारी लेक किंचाळत होती, मी ताट बांधून द्या म्हणाले. वाढणाऱ्या बाईने न विचारता तिला कडेवर उचललं, "तू आधी जेव" म्हणाली आणि तिला घेऊन गल्ल्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत राहिली. पाऊण तास. मी दोन्ही हातांनी, गरम जेवण जेवले. इथे मुलांनी मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची नाही, आधी 'मिस' लावायचं; म्हणजे आपली मावशीच. लेकीचे पहिले काही शब्द आई, बाबा, भूभू आणि 'मिस'.

त्याच मावशीने पुढच्या आठवड्यात विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? इथे हा प्रश्न आपल्याकडच्या 'गाव कुठलं' सारखा आहे, त्यात वाईट काही नसतं हे मला आता कळतं. मी म्हटलं, आम्ही हिंदू, नॅशव्हिलला गणपतीचं देऊळ आहे, 1985 पासून. तिने "ओ" म्हटलं. मग म्हणाली, "इतक्या लांब? आमचं चर्च तर कोपऱ्यावर आहे, पोरांसाठी झोके आहेत." आणि हात दाबला. तेव्हापासून दर ईस्टरला आमंत्रणाचं कार्ड बिलाखाली ठेवलेलं असतं. रागवावं तर झोक्यांचं काय करू? गावात दुसरे चांगले झोके आमच्यापासून वीस मिनिटांवर आहेत.

खिडकीतून कोर्ट दिसतं. इमारत 1859 ची, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीची. त्या युद्धात या गावाबाहेर स्टोन्स रिव्हरची लढाई झाली, 31 डिसेंबर 1862 ला सुरू होऊन 2 जानेवारीला संपली. कोर्टाच्या आवारात कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा आहे, म्हणजे गुलामी टिकावी म्हणून दक्षिणेतली जी राज्यं फुटून निघाली त्यांच्या सैन्याचा. आणि माझ्या ताटात भेंडी. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून आल्या, गुलामांच्या जहाजांबरोबर. ज्यांना आणलं त्यांनी त्या इथे लावल्या, रांधल्या, आणि आज नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाल्ली की वर्ष बरं जातं असं इथला प्रत्येक गोरा आजोबा सांगतो. आत स्वयंपाकघरात दोघी काळ्या बाया आहेत. बाहेर जेवणारे बहुतेक गोरे. 1960 मध्ये नॅशव्हिलच्या काळ्या विद्यार्थ्यांनी दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर नुसतं बसून राहण्यासाठी मार खाल्ला, तुरुंगात गेले, तेव्हा कुठे त्या वर्षी 10 मे ला तिथल्या सहा दुकानांचे काउंटर सगळ्यांना खुले झाले. म्हणजे ग्लास दाखवायला आलेले आजोबा तेव्हा शाळेत असतील. त्या वेळी मी दारात आले असते तर मला कुठे बसवलं असतं, हा विचार मी मॅकरोनी खाता खाता करते. लेक मधेच चमचा खाली टाकते आणि विचार तुटतो.

गेल्या वसंतातली गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेलेले, आभाळ हिरवट. सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले, पाठोपाठ गावाचा भोंगा. टोर्नॅडोचा इशारा. मी खुर्चीच्या पट्ट्यात अडकलेलं पोर सोडवत होते, हात थरथरत होते, आणि स्वयंपाकघरातून ती उंच बाई आली, पट्ट्यासकट खुर्ची उचलली आणि चालू लागली. मागच्या बाजूच्या मोठ्या थंड खोलीत, जिथे मांस आणि दूध ठेवतात, तिथे आधी लेकीला, मग मला, मग म्हाताऱ्यांना घातलं. दार लावलं. सतरा-अठरा माणसं, डोक्यावर पिवळा दिवा, एका बाजूला बटरमिल्कचे कॅन, दुसऱ्या बाजूला डुकराचे मोठमोठे तुकडे. त्यांच्यातलाच एखादा माझ्या फरसबीत जाणार होता. कुणीतरी आपला एप्रन लेकीला गुंडाळला. एकाने मोठ्याने प्रार्थना सुरू केली, येशूच्या नावाने. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायला गेले आणि तिसऱ्या ओळीला अडकले. माझ्या शेजारची हळूच म्हणाली, 2009 चा गुड फ्रायडे आठवतोय. मी तेव्हा इथे नव्हते, पण मला ठाऊक आहे. इथे आलेल्या प्रत्येकीला कुणी ना कुणी सांगतंच. 10 एप्रिलला टोर्नॅडो या गावावरून गेला, त्यात एक आई आणि तिचं तान्हं बाळ गेलं.

वादळ आमच्या उत्तरेकडून निघून गेलं. वीस मिनिटांनी दार उघडलं. बाहेर माझी रताळी थंड झाली होती, तर त्यांनी ताट बदलून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

पैशांचं. व्हेजिटेबल प्लेट 11 डॉलर. त्यावर 9.75 टक्के कर, म्हणजे बारा डॉलर सात सेंट. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही म्हणून नवरा खूश असतो. तो आयकर असा ताटातून निघतो, आणि दूध-पिठावरही वेगळा लागतोच. वर टिप द्या, घसघशीत द्या. टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी कायद्यात बसतं, आणि तो आकडा 1991 पासून हललेला नाही. तिथे एक बावीस-तेवीस वर्षांची पोरगी वाढायला आहे. तिला बाळ झालं आणि तीन आठवड्यांनी ती कामावर दिसली. मी म्हटलं, एवढ्यात? ती म्हणाली, रजा कुठली. 1993 च्या केंद्रीय कायद्यात बारा आठवडे आहेत, पण बिनपगारी, आणि पन्नासपेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी तेवढेही लागू नाहीत. आपल्याकडे निदान कागदावर 26 आठवडे आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. सांगून काय? तिची बसायची खुर्ची मागे गल्ल्याजवळ असते. दुधाचा पंप लावायला ती सामानाच्या खोलीत जाते. मी काम करायला कागद नाही म्हणून घरी, ती काम सोडायला पैसे नाहीत म्हणून दारी. एकदा आम्ही दोघींनी आपापल्या पोरांचे दात मोजून सांगितले, तेवढीच ओळख.

तारे द्यायचे तर जेवणाला तीन, खरंतर अडीच, टोमॅटोचा महिना असेल तर चार. वाढण्याला पाच. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळण्याला एक. लहान मुलांच्या उंच खुर्च्या फक्त तीन आहेत आणि एकीचा पट्टा तुटलाय, तो दोन वर्षांत बदललेला नाही.

नवरा म्हणतो इथेच घर घेऊ, किमती अजून बऱ्या आहेत. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. परवा व्हिडिओवर आईने लेकीला विचारलं, भात खाल्लास का गं? लेक म्हणाली, "येस मॅम." आई म्हणाली, अगं मॅम कोण, मी आजी! आणि इतकी हसली की फोन हातातून पडला. मीही हसले, पण जरा उशिरा.

वेळ सकाळी सहा ते दुपारी दोन, शनिवार-रविवार बंद. साडेअकराच्या आत जा, नंतर कोर्टातले वकील येतात आणि भेंडी संपते.