ऑफिसात काम कमी आहे, कायदा-राजकारण-युद्ध यातलं काहीतरी वाचायचंय: थुसिडिडीज, मॅकियाव्हेली, क्लाउझेवित्झ की जज जॅक्सन?

पुस्तक किती थोर आहे हे नंतर, आधी ते मधेच ठेवून परत हातात घेता येतं का ते बघा. काम कमी असलं तरी फोन येतोच, कुणीतरी हाक मारतंच, आणि वीस मिनिटांनी परत आलात की धागा सापडायला हवा. मी फक्त या हिशोबाने चौघांना शेजारी ठेवतोय.

मॅकियाव्हेलीचं 'द प्रिन्स', म्हणजे सत्ता कशी मिळवायची-टिकवायची यावर राज्यकर्त्याला दिलेला सल्ला, बहुतेक लोक सगळ्यात आधी सुचवतात आणि ते चूक नाहीये, २६ प्रकरणं, त्यातली बरीच दोन-तीन पानांची, कुठेही थांबलं तरी चालतं. मॅकियाव्हेली फ्लॉरेन्सच्या सरकारात अधिकारी होता, १५१२ ला मेडिची घराणं परत सत्तेवर आलं, नोकरी गेली, मग तुरुंग, छळ, आणि १५१३ मध्येच त्याने हे लिहायला घेतलं, एवढं डोक्यात ठेवून वाचलं तर सल्ल्यामागची घाई कळते. पण तळटीपा नसलेली प्रत असेल तर हा ड्यूक कोण, तो पोप कोण, यातच वेळ जातो. आणि कायदा हवा असेल तर इथे मिळणार नाही, बाराव्या प्रकरणात तो सरळ सांगतो की कायद्यांचं बाजूला ठेवतो, सैन्याबद्दल बोलतो.

प्रशियाचा सेनाधिकारी क्लाउझेवित्झ, त्याचं 'ऑन वॉर' अशा दिवशी अख्खं वाचायला घेऊ नका. तो १८३१ मध्ये कॉलराने गेला आणि पुढच्या वर्षापासून त्याच्या बायकोने, मारीने, हस्तलिखितं छापायला काढली, त्यामुळे बराच मजकूर अर्धवट राहिलेला आहे. पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण तेवढं घ्या, युद्ध म्हणजे राजकारणच वेगळ्या साधनांनी पुढे चालवणं हा मुद्दा तिथेच आहे. पण एक-एक परिच्छेद दोनदा वाचावा लागतो, तेव्हा फोन सारखा वाजणार असेल तर हे नकोच.

आता थुसिडिडीज, प्राचीन अथेन्सचा इतिहासकार. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचा त्याचा पूर्ण इतिहास आठ भागांचा आहे, तो नाही म्हणत मी, तिसऱ्या भागातला मितिलिनीचा वाद तेवढा वाचा, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. इ.स.पू. ४२७, मितिलिनी या ग्रीक शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलेलं, अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवलं की तिथले सगळे पुरुष मारायचे, बायका-मुलं गुलाम करायची, हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना वाटायला लागलं की हे फार झालं, आणि सभा परत बसली. क्लिऑन नावाचा अथेन्सचा पुढारी म्हणतो एकदा ठरलेलं सारखं बदलायचं नाही. डिओडोटस उलट बाजूने उभा राहतो पण दया करा असं म्हणतच नाही, तो म्हणतो हे काही कोर्ट नाही, आपला फायदा कशात आहे ते बघा, आणि सगळ्यांना मारलंत तर पुढचं बंड करणारं शहर शरण कशाला येईल! थोडक्या मतांनी तो जिंकतो, दुसरं जहाज सुटतं, वल्हवणारे वल्हवतानाच खातात, पाळीपाळीने झोपतात, आणि हुकूम अमलात यायच्या जरा आधी पोचतात. बंडाच्या म्होरक्यांना मात्र मारलंच. कायदा, राजकारण, युद्ध तिन्ही एकाच बैठकीत मिळणारं याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही, आणि प्रत्येक भाषण सुटं असल्यामुळे मधे उठलात तरी बिघडत नाही.

निव्वळ कायदाच वाचायचा असेल, आणि स्क्रीनवर वाचायचं असेल, तर अमेरिकन सुप्रीम कोर्टाचे रॉबर्ट जॅक्सन. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात अमेरिकेचे मुख्य सरकारी वकील हेच होते, त्यांचं २१ नोव्हेंबर १९४५ चं सुरुवातीचं भाषण प्रसिद्ध आहे पण लांब आहे, ते एखाद्या पूर्ण मोकळ्या दुपारसाठी ठेवा. आज १९५२ चा स्टील मिल्सचा निकाल घ्या. कोरियन युद्ध चालू, संपाची भीती, अध्यक्ष ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले, कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की हा अधिकार नाही. जॅक्सन यांनी वेगळं सहमतीचं मत लिहून अध्यक्षांच्या अधिकाराचे तीन प्रकार पाडले, संसदेने परवानगी दिलेली असताना, संसद गप्प असताना आणि संसदेच्या इच्छेविरुद्ध. इंग्रजी नीट येत असेल तर वकील असण्याची गरज नाही, इतकं स्वच्छ लिहिलंय, आणि हे तीन कप्पे नंतर कुठल्याही देशाची बातमी वाचताना उपयोगी पडतात.

म्हणजे मी तरी सांगेन की एकच काहीतरी वाचून होणार असेल तर मितिलिनी. ते आधीच वाचलं असेल तर जॅक्सन. राजकारणातल्या माणसांचे स्वभाव बघायचे असतील तरच मॅकियाव्हेली.

जॅक्सन आवडले तर पुढे १९४४ चा कोरेमात्सु खटला काढा. जपानी वंशाच्या लाखाहून जास्त लोकांना, त्यात बहुतेक अमेरिकन नागरिक, पश्चिम किनाऱ्यावरून हलवलं होतं आणि कोर्टाने त्या हुकमाला मान्यता दिली. जॅक्सन विरोधात होते, त्यांचं म्हणणं असं की लष्करी हुकूम एकवेळ येऊन जाईल पण कोर्टाने त्याला मान्यता दिली की ते तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहतं, पुढे कुणीही उचलू शकतं. त्याच निकालात जस्टिस मर्फी यांचंही विरोधी मत आहे, त्यांनी वंशद्वेषाला सरळ वंशद्वेष म्हटलंय, ते वाचल्याशिवाय फाइल बंद करू नका.