छपाई पाहून नकली कोड ओळखणारे ॲप: उपयुक्त, पण अपुऱ्या माहितीचे

वेष्टनावरील क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उत्पादकाचे संकेतस्थळ उघडले म्हणजे वस्तू अस्सल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या कोडची प्रत काढून नकली मालावर चिकटवली, तरी तेच संकेतस्थळ उघडते. डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये हा कोड आणला तो झटपट वाचता यावा म्हणून, आणि त्यातल्या त्रुटी-दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी वापरल्यास त्याचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. हा गुण नक्कल करणाऱ्याच्याही पथ्यावर पडतो. म्हणूनच कोडमधील मजकुराऐवजी छपाई तपासणारे हे मोबाइल ॲप मला महत्त्वाचे वाटले.

त्यासाठी कोडमध्ये अतिशय बारीक ठिपक्यांची नक्षी छापलेली असते. ती स्कॅन करून पुन्हा छापताना काही तपशील हरवतोच. अस्सल कोड आणि त्याची प्रत मी भिंगाखाली शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा अस्सल कोडातले सुटे ठिपके प्रतीत शाई पसरून एकमेकांना चिकटलेले, कोपरे गोलसर झालेले आणि मधल्या पांढऱ्या फटी बुजलेल्या दिसल्या. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटत होते. अस्सल छपाईतही कागद, शाई आणि यंत्र यांनुसार फरक पडतो, आणि त्यातला कोणता फरक स्वाभाविक मानायचा हे ठरावीक नियमांत बसत नाही. मशीन लर्निंगची, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याच्या तंत्राची, खरी गरज आहे ती इथे.

चित्र अस्पष्ट असेल तर हे ॲप अंदाजाने निकाल देत नाही, पुन्हा छायाचित्र मागते, ही त्याची सर्वांत चांगली बाजू. चकचकीत वेष्टनावर मात्र प्रकाशाची तिरीप पडून ते वारंवार अडते आणि जवळून नीट फोकस न होणाऱ्या कॅमेऱ्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरते.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. न्यूरल नेटवर्क या मशीन लर्निंगच्याच एका प्रकाराच्या साहाय्याने छापील कोडवरून मूळ नक्षीचा बराच अचूक अंदाज बांधता येतो, हे संशोधनातून दिसून आले आहे. तरीही आपली प्रणाली अशा अंदाजावरून छापलेल्या प्रतींवर तपासली आहे की केवळ साध्या झेरॉक्सवर, याबद्दल ॲप बनवणारी कंपनी अवाक्षर काढत नाही. ही माहिती जाहीर होईपर्यंत गोदामातील मालाच्या प्राथमिक चाळणीसाठी हे ॲप जरूर वापरावे. औषधांच्या बाबतीत मात्र ‘अस्सल’ असा निकाल आला तरी बॅच क्रमांकाची उत्पादकाकडे खातरजमा करावी.