घट्ट रोलर की सुटे रोलर? अ‍ॅक्रिलिकचा टफनेस मोजण्याआधी

अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टायरीन किंवा कडक इपॉक्सीचा फ्रॅक्चर टफनेस (तडा वाढायला पदार्थ किती विरोध करतो त्याचं माप) मोजताना सगळी मेहनत खाचेवर आणि रेझर ब्लेडने केलेल्या तड्यावर जाते. ती लागतेच. पण नमुना ज्या दोन रोलरवर टेकतो, ते कसे बसवले आहेत हे फार थोडे जण पाहतात, आणि आकडा तिथेही फुगतो.

एएसटीएम डी5045 या मानकातली तीन-बिंदू चाचणी घ्या: नमुना दोन रोलरवर ठेवून मधोमध वरून दाबतात, तडा खालच्या बाजूला. आधारांमधलं अंतर नमुन्याच्या उंचीच्या चौपट असतं. भार वाढला की नमुन्याची खालची बाजू ताणली जाते आणि बाहेर सरकू पाहते. रोलर सुटा असेल तर तोही सोबत गडगडतो. घट्ट बसवलेला असेल तर घर्षण नमुन्याला आत रेटतं, म्हणजे तडा उघडायला विरोध करतं. घर्षणांक 0.2 धरला आणि घर्षण पूर्ण लागलं, तर बेंडिंग मोमेंट (नमुना वाकवणारा जोर) 5 टक्क्यांनी घटतो. त्यात आडव्या दाबाचा परिणाम मिळवला, की उंचीच्या निम्म्यापर्यंत तडा असलेल्या नमुन्यात के-वन-सी (म्हणजे टफनेसचा आकडा) 8-9 टक्के जास्त दिसू शकतो. जी-वन-सी (तडा वाढवायला लागणारी ऊर्जा) के-वन-सीच्या वर्गातून काढला तर चूक जवळपास दुप्पट.

रोलर बसवण्याच्या दोन वाटा आहेत: मोठ्या व्यासाचे स्थिर रोलर, नाहीतर लहान व्यासाचे, रबर बँडने हलके धरलेले सुटे रोलर. माझी पसंती निःसंशय दुसऱ्याला. लहान रोलर नमुन्यात थोडा रुततो, पण ते विस्थापन बिनखाचेच्या तुकड्यावर वेगळं मोजून वजा करता येतं. घर्षण असं वजा करता येत नाही.

पिनांवर ओढला जाणारा कॉम्पॅक्ट टेन्शन नमुना हा तिसरा पर्याय. आधारावर घसरण्याचा प्रश्नच नाही, मात्र ठिसूळ पत्र्यात भोकं पाडताना कडा तडकतात.

आघात-चाचणीचं गणितच निराळं. संशोधक काल्टहॉफ आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅराल्डाइट या इपॉक्सीच्या नमुन्यांवर दाखवलं, की फटक्यानंतर नमुना काही क्षण आधारांवरून सुटतो. तिथे स्थिर भाराचं सूत्र लावू नका.

तुमच्याकडे घट्ट रोलरच असतील तर निम्मे नमुने रोलरवर पीटीएफईची (टेफ्लॉनची) पातळ फिल्म ठेवून तोडा आणि दोन्ही सरासऱ्या शेजारी मांडा. अल्कोहोल असलेला क्लीनर मात्र अ‍ॅक्रिलिकजवळ नको. भाराखाली त्याने बारीक भेगा पडतात.