ट्रॉलीच्या हबला एपी-३ ग्रीस: डबा चांगला, पण नुसता डबा पुरत नाही

गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात "ट्रॉलीला ग्रीस द्या" म्हटल्यावर बहुधा एपी-३ चाच डबा पुढे येतो. मॅक, कॅस्ट्रॉल अशा बऱ्याच कंपन्या हे याच नावाने विकतात. उसाच्या दोन चाकी ट्रॉलीच्या हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या घरासाठी, ते कितपत योग्य?

एपी-३ साधारणपणे लिथियमचं ग्रीस असतं, घट्टपणा ३ नंबर. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळायला लागतं. त्याच काउंटरवर मिळणारं स्वस्त चेसिस ग्रीस चुन्याचं असतं, ते शंभरीच्या आतबाहेरच पातळ होतं. पाण्याला ते टिकतं, म्हणून हुकाला, पाट्याच्या पिनांना खुशाल लावा. हबमध्ये मात्र नको. तिथे गरम झालं की सीलमधून (ग्रीस आत अडवणाऱ्या रबरी कड्यातून) गळतं आणि बेअरिंग कोरडं पडतं.

एपी-३ ची उणी बाजू अशी, की जास्त दाब सोसायचं ईपी रसायन प्रत्येक कंपनीच्या डब्यात असतंच असं नाही. कारखान्याला सतत भरून जाणारी ट्रॉली असेल आणि सील नवं असेल, तर लिथियम ईपी-२ घ्यावं. ते थोडं मऊ असतं आणि रोलरपर्यंत चांगलं पोचतं. स्टबवर (अॅक्सलच्या टोकावर) सील बसतं ती जागा झिजली असेल तर घट्ट एपी-३ च बरं, निदान जागेवर राहतं. २५० अंशांच्या वरचं महागडं कॉम्प्लेक्स ग्रीस ब्रेक नसलेल्या ट्रॉलीला कशाला? आपले हब तेवढे तापतच नाहीत. तापत असतील तर दोष ग्रीसचा नाही.

हब खराब होतो तो बहुतेकदा भरण्याच्या पद्धतीमुळे. निपलला (ग्रीस भरायच्या तोटीला) ग्रीस गन लावून जुन्यावर नवं ग्रीस ढकललं की मागचं सील बाहेर येतं, आतला काळा चिखल तसाच राहतो. शिवाय जुनं चुन्याचं, नवं लिथियमचं असेल तर मिश्रण पातळ पडू शकतं. म्हणून हंगामाआधी हब उतरवायचाच. ट्रॉली रिकामी, दुसऱ्या चाकाला ओट (ते सरकू नये म्हणून दगड), आणि जॅकच्या भरवशावर न राहता अॅक्सलखाली लाकडी ठोकळे. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन पूर्ण सुकवा, पण हवेच्या पाइपने गरगर फिरवू नका. कोरडे रोलर ओरखडतात. रोलरवर निळसर झाक म्हणजे ते तापलेलं आहे, खड्डे किंवा पापुद्रे म्हणजे संपलेलं. मग कोन (रोलरसकट आतली रिंग) आणि कप (बाहेरची रिंग) जोडीनेच बदला. जुन्या कपात नवा कोन घातला तर तो लवकरच जातो. नंबर रिंगवरच कोरलेला असतो. ३०२१० सारख्या मेट्रिक नंबरात शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिळतो, म्हणजे इथे ५० मिलिमीटर.

ग्रीस बोटाने वरवर फासून भागत नाही. तळहातावर गोळा घेऊन कोनची रुंद कड त्यात दाबत राहायची, अरुंद बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र एक तृतीयांश ते निम्मंच भरा. गच्च भरलं तर ग्रीस घुसळून तापतं. मध्यम हबला पाव ते अर्धा किलो पुरतं. सील दर वेळी नवं, स्प्रिंगची बाजू आत ग्रीसकडे, ओठाला थोडं ग्रीस. सीलचे पैसे वाचवून भारी डबा घेणं हा उलटा हिशोब आहे.

नट हा शेवटचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा. चाक फिरवत फिरवत नट आवळा, चाक जड झालं की थांबा, मग सहावा ते चौथा हिस्सा फेरा सैल करा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण वरखाली धरून हलवलं तर खडखडता कामा नये. नट फिरू न देणारी स्प्लिट पिन नवी घाला. खिळा किंवा तार घालणाऱ्याला गॅरेजमधून घरी पाठवावं.

पहिल्या भरलेल्या खेपेत दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून हबवर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेलाय किंवा बेअरिंग कोरडं आहे, तसंच पुढे ओढू नका. चाकाचे नट त्याच थांब्यावर समोरासमोरचे एकेक करून पुन्हा आवळा.

डब्याचं झाकण बऱ्याचदा सैल बसतं आणि ग्रीसमध्ये एकदा माती गेली की ते बेअरिंगला पॉलिश पेपरसारखं घासतं. दोनच चाकं करायची असतील तर मोठी बादली न घेता एक किलोचाच डबा घ्या. त्या कामाला एपी-३ पैसे वसूल आहे.