गच्चीवरच्या टाकीसाठी बोर्ड: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू की ऑरेंज पाय झीरो ३?

टाकीतली पाण्याची पातळी नुसती मोबाइलवर बघायची असेल तर यातला कुठलाच बोर्ड घेऊ नका. ईएसपी३२ (वायफाय असलेला साधा मायक्रोकंट्रोलर) पुरेल आणि स्वस्तही पडेल. पण वर्षभराची नोंद ठेवायची आहे, पाणी किती वाजता आणि किती चढलं हे कमिटीला वेबपेजवर दाखवायचं आहे, पंप बंद करायचा राहिला तर टेलिग्रामवर निरोप जायला हवा, असं असेल तर लिनक्स चालवणारा छोटा बोर्ड, म्हणजे तळहातावर मावणारा कॉम्प्युटर, लागतो. ठाण्यात घोडबंदर रोडच्या किंवा माजिवड्याच्या उंच इमारतींसाठी कमी खर्चात बघायला गेलं तर निवड बहुधा या दोघांवर येऊन थांबते.

प्रोसेसरच्या आकड्यांवरून ठरवू नका; दोन्ही बोर्ड या कामाला पुरून उरतात. फरक पडतो तो मेमरीचा. झीरो २ डब्ल्यूवर ५१२ एमबी आहे. त्यात ३२-बिट लाइट ओएस, मॉस्किटो (सेन्सरचे निरोप पोचवणारा प्रोग्राम), एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) आणि पायथनचं छोटं वेबपेज आरामात बसतं. इन्फ्लक्सडीबी (नोंदींचा मोठा डेटाबेस) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारा प्रोग्राम) एकत्र चालवायला गेलात तर स्वॅप, म्हणजे मेमरी संपल्यावर कार्डावर वापरली जाणारी जागा, भरतो आणि एसडी कार्ड झिजायला लागतं. ऑरेंज पाय १ जीबीपासून ४ जीबीपर्यंत मिळतो. आलेखांची हौस असेल तर त्यातला २ जीबीचा घ्यावा.

झीरो २ डब्ल्यूच्या बाजूने बोलायला बरंच आहे, आणि ते मनापासून सांगतो. रास्पबेरीचा इमेजर हा प्रोग्राम वापरून कार्ड तयार करतानाच वायफाय, पासवर्ड आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्ड चालवण्याची सोय) भरता येतं (वायफायचा देश भारत निवडायला विसरू नका). कॅमेऱ्यासाठी जागा आहे, ऑरेंज पाय झीरो ३ वर ती नाही. निवांत असताना वीज साधारण एक वॉटच्या आतच लागते, म्हणून बॅटरीवरच्या कामाला हाच बरा. सर्वात मोठा फायदा पिनांवरचे सिग्नल अचूक वेळेसह वाचणाऱ्या पिगपिओ या लायब्ररीचा. टाकीत पाण्याच्या वर बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडून अंतर मोजतो; त्याचा प्रतिध्वनी परत यायला पाण्यापर्यंतच्या दर सेंटिमीटरमागे सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. साध्या पायथनने ती वेळ मोजली तर लिनक्स मध्येच दुसऱ्या कामाला जातं, २०० मायक्रोसेकंद सहज चुकतात आणि पातळी तीन सेंटिमीटरने हलते. ५ बाय ४ मीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर, तेव्हा ही चूक ६०० लिटरच्या वर जाते. पिगपिओ डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता चालणाऱ्या हार्डवेअरच्या) मदतीने दर ५ मायक्रोसेकंदांनी पिन वाचतं, त्यामुळे हा प्रश्न मिटतो.

ऑरेंज पायवर पिगपिओ चालत नाही. तिथे सेन्सरच असा घ्यावा की जो अंतर स्वतः मोजून सीरियलवर पाठवतो. जेएसएन-एसआर०४टी या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या काही आवृत्त्यांत ठरलेल्या जागी ४७ किलोओमचा रेझिस्टर सोल्डर केला की तो हेच करतो, सीरियलचा वेग ९६०० बॉड. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतं आणि दोन्ही बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, म्हणून मध्ये १ किलोओम आणि २ किलोओमचा, व्होल्टेज उतरवणारा डिव्हायडर घालायलाच हवा. शिवाय या सेन्सरला जवळचे २०-२५ सेंटिमीटर दिसत नाहीत. भरलेल्या टाकीच्या पातळीपासून तो तेवढा वर बसवावा, नाहीतर टाकी काठोकाठ भरते तेव्हाच आकडे वेडेवाकडे येतात.

ऑरेंज पायच्या कटकटीही खऱ्या आहेत. पिनांचे क्रमांक वेगळे: सात नंबरची पिन म्हणजे पीसी९, आणि सॉफ्टवेअरमध्ये ती ७३ (गट शून्यापासून मोजतात, म्हणून सी गटाचे २ गुणिले ३२, अधिक ९). रास्पबेरीसाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा चालत नाही. चिप बऱ्यापैकी तापते. बंद डब्यात मे महिन्यात हीटसिंक हवाच, आणि डबा टाकीच्या सावलीच्या बाजूला लावावा. वायफायचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये (ओएसच्या गाभ्यात) नाही, तो बाहेरून जोडलेला असतो, त्यामुळे कर्नल अपडेट केल्यावर वायफाय गायब होऊ शकतं. आर्मबियन ही ओएस वापरत असाल तर आर्मबियन-कॉन्फिगमधून कर्नलचे अपडेट गोठवून ठेवा.

इथवर वाचून कुणीही झीरो २ डब्ल्यूच घेईल. तरी माझा कल दुसरीकडे आहे. कारण एकच, गच्चीवरचं वायफाय.

झीरो २ डब्ल्यूला लॅनचं पोर्ट नाही आणि त्याचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. टॉवरमध्ये प्रत्येक मजल्यावरचे राउटर याच तीन चॅनलवर बोलत असतात. त्यात नव्या इमारती मायवन पद्धतीच्या, म्हणजे भिंतीसुद्धा वीट नाही तर सळया घातलेल्या काँक्रीटच्या. वर स्लॅब, बाजूला लिफ्टची मशीन रूम. वरच्या मजल्यावरचा राउटर मोबाइलवर दोन कांड्या दाखवतो म्हणून बोर्ड लावायचा, आणि संध्याकाळी सगळे घरी आले की तो नेटवर्कवरून गळायचा, हे ठरलेलं. वायफायची पॉवर सेव्ह बंद केल्याने आणि चॅनल हाताने ठरवल्याने थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. ऑरेंज पायचं ५ गिगाहर्ट्झही इथे उपयोगी नाही. काँक्रीटमधून ते आणखी कमी जातं. म्हणजे तुलना वायफायची उरतच नाही. वायर लागते, आणि ऑरेंज पायवर लॅनचं पोर्ट मुळातच आहे. वायर असली की त्याच्या वायफाय ड्रायव्हरची कटकटही आपोआप संपते.

बहुतेक सोसायट्यांत गच्चीवर किंवा लिफ्टच्या खोलीत सीसीटीव्हीचा पीओई स्विच असतो आणि तो बऱ्याचदा यूपीएसवर असतो. त्याचं एक रिकामं पोर्ट मिळालं की एकाच केबलमधून नेटही येतं आणि वीजही. हा फायदा दिसतो त्याहून मोठा आहे. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात, आणि एसडी कार्डं बऱ्याचदा खराब होतात ती याच सेकंदांत. यूपीएसवरच्या स्विचला तो खंड जाणवतच नाही. परवानगी मात्र सेक्रेटरींकडून लेखी घ्या आणि कॅमेऱ्याची देखभाल करणाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर पुढच्या फेरीत ते अनोळखी केबल काढून टाकतील.

झीरो २ डब्ल्यूही वायरवर आणता येतो: मायक्रो यूएसबी ओटीजीचा लॅन अडॅप्टर, आणि पीओईच्या केबलमधली वीज वेगळी काढून देणारा मायक्रो यूएसबीचा स्प्लिटर. चालतं. पण दोन नाजूक मायक्रो यूएसबी जोड वाढतात, पावसाळ्याच्या दमट हवेत तेच आधी सैल पडतात किंवा गंजतात, आणि हे सगळं जोडेपर्यंत किमतीतला फरकही बराचसा भरून निघतो. खर्चाची अडचण नसेल तर १ जीबीचा रास्पबेरी पाय ४ दोन्हीकडचे गुण देतो, त्याला माझी ना नाही. कॅमेरा हवा असेल, बॅटरीवर चालवायचं असेल किंवा बोर्ड घरात टेबलावरच राहणार असेल तर झीरो २ डब्ल्यूच घ्यावा, हेही तितकंच खरं.

पीओईचं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं, पण मागताना नीट मागा. स्प्लिटर ८०२.३एएफ (पीओईचं मानक) लिहिलेला, बाहेर ५ व्होल्ट, २.४ अँपिअर आणि टाइप-सी पिन असलेला हवा. कॅमेऱ्यांसाठीचे स्प्लिटर बहुतेक १२ व्होल्टचे असतात आणि दिसायला सारखेच. तो चुकून जोडला तर बोर्ड जागच्या जागी जातो. म्हणून बोर्डाला लावण्याआधी मल्टिमीटरने मोजाच. केबल पूर्ण तांब्याची कॅट-६ घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलवर लांब अंतरात व्होल्टेज पडतं आणि बोर्ड विनाकारण रीस्टार्ट होतो. स्विचपासून अंतर १०० मीटरच्या आत ठेवा. डब्यात केबल खालून ग्लँडमधून (पाणी आत न जाऊ देणाऱ्या केबलच्या जोडातून) घ्या, आधी तिला खाली एक झोळ देऊन, म्हणजे पाणी ओघळून तिथेच गळतं. केबल उघड्या गच्चीवरून जाणार असेल तर स्विचच्या बाजूला लॅनचा सर्ज प्रोटेक्टर बसवून त्याची अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगला जोडा. हे काम सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून आणि पहिल्या पावसाच्या आधी करून घ्या.