डिस्क क्लोन केल्यावर फायरवॉल अडला: ड्राइव्हचे अक्षर बदलावे, नियम दुरुस्त करावा की सगळे रीसेट?

मृग लागायच्या तोंडावर कृषी केंद्रवाले जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी (वेगवान डिस्क) टाकायला दुकानाचा मुख्य कॉम्प्युटर घेऊन येतात. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, होते, विंडोज भराभर उघडते. दुकानात नेल्यावर मात्र मागच्या खोलीतल्या मुख्य कॉम्प्युटरवरचे बिलिंग काउंटरवर उघडत नाही, इंटरनेट तेवढे चालते. समोर बियाण्यासाठी कास्तकार उभे. मग घाईत फायरवॉलच, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरीच, बंद केला जातो. ते करू नका. त्याच मशीनवर कास्तकारांच्या उधारीचा सगळा हिशेब असतो.

विंडोजच्या फायरवॉलमध्ये प्रोग्रामचा नियम त्याच्या पूर्ण पाथवर, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरासकट फाइलच्या पत्त्यावर, लिहिलेला असतो. बिलिंग ‘डी’ ड्राइव्हवर होते आणि क्लोननंतर तो भाग ‘ई’ झाला, की जुना नियम रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो. बाहेर जाणारी जोडणी सहसा मोकळी असते म्हणून इंटरनेट चालते. काउंटरवरून आत येणारी, परवानगीचा नियम नसेल तर अडते. विंडोज सी ड्राइव्हवरच असेल आणि बिलिंगही तिथेच, तर पाथ बदलत नाही. दोष दुसरीकडे शोधा.

ड्राइव्हचे अक्षर परत जुने करणे मला सगळ्यात बरे वाटते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाच मिनिटांचे काम, आणि नियमांबरोबर शॉर्टकट, बॅकअपचे ठिकाण हेही जागेवर येते. डीव्हीडी ड्राइव्हने ‘डी’ घेतले असेल तर आधी त्याला दुसरे अक्षर द्या. सी ड्राइव्हच्या अक्षराला मात्र हात लावू नका. एक गोष्ट जरूर बघा: जुनी डिस्क मशीनमध्येच ठेवली असेल तर ‘डी’ अजून तिच्याकडेच असू शकते. तेव्हा सगळे सुरळीत दिसते, पण बिले जुन्या डिस्कवर जात राहतात. असे झालेले मी एका दुकानात पाहिले. आठवडाभराची बिले जुन्या डिस्कवरून हुडकून आणावी लागली. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा.

अक्षर बदलणे शक्य नसेल तर नियम दुरुस्त करा. विंडोजच्या रन चौकटीत ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ (wf.msc) टाइप केले की प्रगत फायरवॉल उघडतो. इनबाउंड (आत येणाऱ्या जोडणीच्या) नियमांत बिलिंगचा नियम उघडून नवा पाथ द्या. दोन-चार प्रोग्राम असतील तर हे परवडते, वीस असतील तर जीव जातो. इथे बरेच जण एका ठिकाणी फसतात: नव्या पाथवरून प्रोग्राम पहिल्यांदा उघडला तेव्हा विंडोजने परवानगी विचारली आणि कोणी ‘कॅन्सल’ दाबले, तर मनाईचा नियम तयार होतो. मनाई परवानगीपेक्षा भारी असते. तो लाल खुणेचा नियम काढल्याशिवाय परवानगीचे कितीही नियम घाला, जोडणी होणार नाही.

फायरवॉल रीसेट करून मूळ स्थितीत आणणे सोपे दिसते, पण त्यात हाताने घातलेले सगळे नियम जातात आणि प्रिंटर शेअरिंगही पुन्हा सुरू करावे लागू शकते. नियम कोणी, कशासाठी घातले हे कुणालाच सांगता येत नसेल तरच मी त्याकडे वळतो, तेही त्याच खिडकीतून पॉलिसी एक्सपोर्ट करून, म्हणजे सगळे नियम एका फाइलमध्ये काढून, ठेवल्यावर. ती फाइल पुन्हा आत घेतली की जुने चुकलेले पाथही परत येतात, हे लक्षात असू द्या. रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुरून नेटवर मशीन चालवताना, तर रीसेट मुळीच करू नका. जोडणी तुटली की यवतमाळहून चाळीस किलोमीटर गाडी काढावी लागते, आणि तोवर दुकान अडून बसते.